दात बघून, दुष्काळ बघून

तीस तारीख होती, संध्याकाळचे सात वाजले होते आणि मी एका अनोळखी घरात जुनं वॉशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. फोनवर भाव ठरला होता, साडेसहा हजार. मशीन चार वर्षांचं, टॉप लोड, फोटोत कुठं पोचा दिसत नव्हता. खाली टेम्पो उभा होता. वर दार सताड उघडं, आत पॅकर्सची तीन पोरं पलंगाला पुठ्ठा गुंडाळत होती आणि चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज घरभर चालला होता. तिशीतलं जोडपं. अकरा महिन्यांचा करार संपलेला, उद्या दुपारी किल्ली मालकाच्या हातात द्यायची आणि रात्रीच्या बसनं बंगळूर. हे सगळं त्या तरुणानं मी न विचारताच सांगितलं. घाईतला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो.

मी झाकण उघडलं, ड्रम हातानं फिरवला, कान लावला. आवाज नव्हता. तरी मान हलवून म्हणालो, "बेअरिंग जातंय बहुतेक. पाच देतो."

तो काही बोलला नाही. फोन काढून त्यानं एक नंबर लावला, पलीकडून कोणी उचलला नाही. सुटकेसवर बसलेली त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मग तो म्हणाला, "घेऊन जा."

दीड हजार वाचले. टेम्पोचे सातशे त्यातच निघाले. येताना टेम्पोवाला गिअर टाकत म्हणाला, "साहेब, चांगला हात मारलात." त्याच्या दृष्टीनं ते कौतुकच होतं. पण हात मारला हे आपण खिसेकापूबद्दलही म्हणतो, आणि ते मला सिग्नलला उभं असताना आठवलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता काय, परत देणारेस?" परत दिले नाहीत. मशीन अजून चालतंय, बेअरिंग ठणठणीत आहे. यात माझं चुकलं एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं. नेमकं काय चुकलं हे ठरवायला मात्र बराच वेळ लागला. घासाघीस केली हेच चुकलं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते मला मान्य नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत येतो. मॉलमध्ये गुपचूप पैसे मोजता, मग रस्त्यावरच्या गरिबाशी दहा रुपयांसाठी का भांडता? खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. मला तो संदेश आवडत नाही. मॉलमध्ये आपण भाव करत नाही कारण तिथं भाव करायला माणूसच नसतो. काउंटरवरच्या मुलीला एक रुपया कमी करायचा अधिकार नसतो. तिच्याशी घासाघीस न करण्यात कसलं आलंय सौजन्य? आणि रस्त्यावरचा विक्रेता म्हणजे दयेचा विषय, हे परस्पर कोणी ठरवलं? तो धंदा करतोय. त्याला गिऱ्हाईक हवंय, देणगीदार नको.

जुन्या वस्तूचं तर सगळंच वेगळं. नव्या पाकीटबंद मालावर सगळे कर धरून कमाल किंमत छापायची सक्ती १९९० पासून आली, आणि आपल्या पिढीला छापील आकड्याची इतकी सवय झाली की आकडा नसला तर फसवणूक होतेय असं वाटायला लागतं. पण सात वर्षं वापरलेल्या मिक्सरवर कोण काय छापणार? एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले दोन मिक्सर सात वर्षांनी दोन वेगळ्या वस्तू झालेले असतात. एकात रोज इडलीचं पीठ फिरलेलं असतं, दुसऱ्यात आठवड्यातून एकदा चटणी. त्यांची किंमत कुठं लिहिलेली नसते, ती दोघांनी बोलून काढायची असते. घासाघीस हा शब्द ऐकायला खरखरीत आहे, पण घासल्याशिवाय आत पितळ आहे की तांबं, कळत नाही.

पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पाने, पक्कडी, बंद पडलेली घड्याळं, पितळी दिवे, कुणाच्या तरी वापरातले बूट, सगळं गोणपाटावर. तिथं मी एकदा सुताराचा जुना रंधा घेतला. लाकूड शिसवी, हातात धरून धरून काळं गुळगुळीत झालेलं.

"सहाशे," तो म्हणाला.

"दोनशे."

"दोनशेत नुसतं पातंपण येत नाही, साहेब." त्यानं पाचर ठोकून पातं बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. पातं खरंच जाड होतं, निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. मी रंध्याच्या तोंडाशी गेलेली चीर दाखवली. त्यानं अंगठा फिरवला, म्हणाला, "आहे खरी." मग तो साडेचारशेवर आला, मी तीनशेवर गेलो, आणि साडेतीनशेला रंधा वर्तमानपत्रात गुंडाळला गेला. देताना म्हणाला, "एवढं बघून घेतलंत म्हणजे वापराल. नाहीतर लोक शोकेसमध्ये ठेवायला नेतात."

या पाच मिनिटांत त्यानं मला पात्याबद्दल सांगितलं, मी त्याला चिरेबद्दल. कुणी कुणाला फसवलं नाही. मी पहिल्याच बोलीला सहाशे काढून दिले असते तर तो मला भला माणूस समजला असता असं मला वाटत नाही. बावळट समजला असता.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण यायची. ज्यांनी बोहारीण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुने कपडे घेऊन त्या बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. या बायका बहुतेक वाघरी समाजातल्या. दुपारी सगळ्या घरांतले पुरुष बाहेर असताना त्या यायच्या आणि आमच्या पायरीवर दीड-दोन तास संसद भरायची. आई आधी तिला पाणी द्यायची, बरोबर गुळाचा खडा. आणि मग एका पँटीसाठी हटून बसायची.

"एवढ्या कपड्यांवर हे पातेलं? बूड बघ कसलं पातळ आहे."

"वहिनी, पँटीला गुडघ्यावर रफू आहे. मला कोण घेणार?"

जरीच्या साडीवर तर खरी लढाई. खरी जर जाळली की चांदी निघते हे आईला माहीत होतं, आणि आईला माहीत आहे हे बोहारणीला माहीत होतं. शेवटी बोहारीण पाटी डोक्यावर घेऊन चार पायऱ्या उतरायची. आई आत वळायची. मग दोघींपैकी एक हाक मारायची. कोण मारणार यावर आम्ही पोरं पैज लावायचो.

आम्हाला वाटायचं, बोहारणीला कपडे फुकट मिळतात. तसं काही नव्हतं. ते कपडे धुवायचे, फाटलेलं शिवायचं, गेलेली बटणं लावायची, इस्त्री करायची आणि मग बाजारात न्यायचे. दिल्लीत रघुबीर नगरला असा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटेच भरतो. जे अगदीच जाईल त्याची चिंधी होऊन गॅरेजमध्ये हात पुसायला जाते. आमच्या टाकलेल्या शर्टाला पुन्हा शर्ट करण्याची मजुरी त्या पातेल्याच्या हिशेबात होती. आईला ते कळत होतं की नाही, ठाऊक नाही. पण तिचा एक नियम होता आणि तो मी नंतर कितीतरी वर्षांनी लक्षात घेतला. बोहारीण दिवेलागणीला आली, पाटी अजून भरलेली असली, तर आई भाव करायची नाही. ती मागेल ते कपडे काढून द्यायची, मिळेल ते भांडं घ्यायची. आजी कुरकुरायची. आई म्हणायची, "आत्ता नको. दुपारी आली की बघते तिच्याकडे."

दुपारी बोहारीण तिच्या मर्जीनं बसलेली असायची. संध्याकाळी तिला घरी जायचं असायचं.

तोच फरक बैलबाजारात उघड्यावर दिसतो. तिथं उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी सौदे होतात, जवळ उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, त्यावरून वय. मग चालवून बघतं, खांदा बघतं, खूर बघतं, मारका आहे का विचारतं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर पाचशे-हजार वरखाली होतात आणि विकणारा शेतकरीही ते मानतो, कारण उद्या घ्यायला आल्यावर तोही हेच करणार असतो. पण उन्हाळ्यात चारा संपतो. मग एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्या पंचक्रोशीचा बैल बाजारात येतो, आणि भाव कोसळतात. मृगाच्या तोंडावर सगळ्यांनाच पुन्हा बैल हवा असतो, तेव्हा तेच भाव चढतात. मधल्या दोन महिन्यांत बैलाचे दात बदललेले नसतात. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं बैल कितीला गेला हे क्वचितच सांगतात, कसा गेला हे सांगतात.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. दात बघून भाव करणं वेगळं आणि दुष्काळ बघून भाव करणं वेगळं. पहिल्यात बोलणं वस्तूबद्दल चालतं. दुसऱ्यात वस्तू बाजूलाच राहते आणि समोरच्याची अडचण तराजूत पडते. त्या तीस तारखेला मी ड्रमला कान लावला खरा, पण ऐकत होतो चिकटपट्टीचा आवाज.

यावर कायद्याचं म्हणणं काय आहे ते पाहण्यासारखं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम २५ खाली एक उदाहरण दिलंय. हजार रुपयांचा घोडा 'अ' दहा रुपयांना विकायचं कबूल करतो. त्याची संमती स्वेच्छेची होती. करार पक्का, किंमत कितीही कमी असो. लगेच पुढचं उदाहरण तेच, फक्त आता 'अ' म्हणतो की माझी संमती स्वेच्छेची नव्हती. मग कमी किंमत ही गोष्ट न्यायालयानं विचारात घ्यावी. म्हणजे दहा रुपयांच्या आकड्याकडे बघून कायदा काही बोलत नाही. हो म्हणणारा मोकळेपणानं हो म्हणाला का, तेवढं विचारतो. पण मोकळेपणा म्हणजे काय? त्या तरुणाच्या गळ्यावर मी सुरी ठेवली नव्हती. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ घरमालकानं दिली होती, नोकरी बंगळूरच्या कंपनीनं दिली होती. मी फक्त योग्य वेळी दारात उभा होतो. न्यायालयात मी सहज सुटलो असतो.

कौटिल्याचं नाव घेतलं की लोक मॅनेजमेंटचे धडे काढायला लागतात, माझा तसा इरादा नाही. अर्थशास्त्रात भलतेसलते दंडही पुष्कळ आहेत. पण विक्रीनंतर माघार घेण्याबद्दलचं एक प्रकरण तिसऱ्या अधिकरणात आहे, ते वाचताना मी थबकलो. माल विकून तो न देणाऱ्याला बारा 'पण' दंड, 'पण' म्हणजे त्या काळचं नाणं. त्याला तीन अपवाद. मालात दोष निघाला, राजा-चोर-आग-पाणी यांपैकी काही आडवं आलं, किंवा व्यवहार 'अविषह्य' असला. सोसण्यापलीकडचा. तो कोणता? ज्यात गुणांच्या नावानं फारसं काही नाही असा, किंवा 'आर्तकृत', म्हणजे पीडलेल्या माणसानं केलेला. पीडेत दिलेला शब्द पाळला नाही तरी दंड नाही. त्याच प्रकरणात माघार घ्यायची मुदत व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याचं मन एका रात्रीत पक्कं व्हायला हवं, ज्याचा नाही त्याला जास्त वेळ. जुन्या बाजारातला रंधेवाला आणि घर बदलणारं जोडपं यांच्याशी एकाच मापानं वागायचं नसतं, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं होतं.

आता माझ्या विरुद्ध जो सगळ्यात जड मुद्दा आहे तो माझ्या एका मित्रानं मांडला. तो जुन्या फर्निचरचाच धंदा करतो, त्यामुळं त्याला या नीतिचर्चेचा जरा रागही आला. तो म्हणाला, "तू गेला नसतास तर त्याचं काय झालं असतं? दुसरा गिऱ्हाईक फोन उचलत नव्हता. वॉचमनला फुकट देऊन गेला असता. तुझ्या पाच हजारांनी त्याचं भलंच झालं."

हे खरं आहे. अडलेल्या माणसाकडून विकत घेणं हे पाप असेल तर अडलेल्यांकडून कोणी काहीच घेणार नाही, आणि ते जास्त वाईट. दुष्काळात बैल घेणारा कोणीच आला नसता तर बैल दावणीला मेला असता. म्हणून घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या मित्रासारखा व्यापारी कमी भावात घेतो तेव्हा त्याचीही नाही. तो हमाल आणतो, गोदामाचं भाडं भरतो, पॉलिश करतो, सहा महिने वस्तू अंगावर ठेवतो, न खपण्याचा धोका घेतो. त्याची कमी किंमत या सगळ्याची असते आणि ती तो महिन्याच्या पंधरा तारखेलाही तेवढीच सांगतो. मी काय केलं होतं? साडेसहा हजार कबूल केले होते. म्हणजे ते मशीन मला साडेसहाला परवडत होतं. सातच्या सुमाराला दारातून आत पाऊल टाकलं आणि ते पाचचं झालं. दरम्यान मशीनला काही झालं नव्हतं.

तेव्हा मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. ही तारीख, ही पॅकर्सची पोरं, ही हॉस्पिटलची फाइल मला दिसली नसती तर मी काय भाव सांगितला असता? तो सांगायचा. दिसल्यावर वाढवून द्यायची गरज नाही, मी धर्मादाय संस्था नाही. पण दिसल्यामुळं कमीही करायचा नाही. रात्री सातला हमाल शोधावा लागला, त्याचे दोनशे जास्त गेले, तर ते दोनशे उघड मागावेत. खर्च आहे तो.

ही कसोटी सगळीकडं पुरत नाही, हे मला माहीत आहे. त्या रंध्याच्या बाजूला पटाशीनं दोन अक्षरं कोरलेली आहेत. कुण्या सुताराची आद्याक्षरं. त्यानं काम थांबवलं म्हणून रंधा विकला, की पोराच्या फीसाठी, की तो गेल्यावर घरच्यांनी भंगारात किलोवर घातला? जुन्या बाजारात बसलेल्या माणसालाही ते ठाऊक नसणार. मी तिथं अडीचशे वाचवले तर तो पुढच्या वेळी भंगारवाल्याला थोडे कमी देईल, भंगारवाला गल्लीत फिरणाऱ्याला कमी देईल, आणि गल्लीत फिरणारा कुणाच्या तरी दारात उभा राहून म्हणेल की याला आता काय किंमत आहे. घासाघीस अशी उतरत उतरत जिथं पोचते तिथं मी नसतो. त्याचा जाब मी कुणाला देणार, आणि कसा? मला सुचलेलं नाही. सोनं मोडायला गेलेल्यांचंही असंच. घट किती धरायची हे सराफाच्या काट्यावर ठरतं, पण पाटल्या काढताना हात किती घट्ट होता हे काट्यावर येत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला जराही शंका नाही. दारात जाऊन शब्द फिरवणं. फोनवर "चालेल, येतो" म्हणायचं, विकणाऱ्यानं त्या भरवशावर बाकीच्यांना नाही म्हणायचं, आणि समोर गेल्यावर निम्म्यावर यायचं. ॲपवरच्या खरेदीत ही आता कलाच झाली आहे, तिचे धडे देणारे व्हिडिओ आहेत. आधी होकार देऊन बाकीची गिऱ्हाइकं तोडायची, मग भाव पाडायचा. यात घासाघीस कुठं आहे? घासाघीस होकाराच्या आधी असते. होकारानंतर जे होतं त्याला मराठीत शब्द फिरवणं म्हणतात, आणि गावाकडं अशा माणसाला पुढच्या बाजारात कोणी उपरण्याखाली हात देत नाही. शहरात पुढचा बाजार नसतो. त्या जोडप्याची आणि माझी पुन्हा गाठ पडणार नव्हती, आणि मी ते हिशेबात धरलं होतं.

आणि बेअरिंग. ते मी खोटं बोललो. गिऱ्हाइकानं मालाला नावं ठेवायची ही रीतच आहे, त्यात काय एवढं, असं म्हणणारे भेटतात. आईनं पातेल्याचं बूड पातळ म्हटलं तेव्हा बोहारीण ते वाजवून दाखवू शकत होती. नसलेल्या आवाजाला तो तरुण काय दाखवणार?

उलट प्रश्न येतो तेव्हा गंमत होते. विकणाऱ्याला जे माहीत नाही ते घेणाऱ्याला माहीत असेल तर? रद्दीच्या दुकानात किलोच्या ढिगात तुम्हाला एखादी दुर्मिळ जुनी आवृत्ती दिसली. सांगायचं? करार कायद्याच्याच कलम १७ खाली पुन्हा घोडा आहे. लिलावात विकणाऱ्यानं घोड्यातली खोड सांगितली नाही, गप्प राहिला. ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग त्या नात्यामुळंच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. इंग्रजांच्या त्या रुक्ष कायद्यात अचानक एक मुलगी येते आणि घोडा तोच असून उत्तर बदलतं. मी रद्दीवाल्याला सांगत नाही. तो दुकान मांडून बसलाय, गठ्ठा सोडून बघायचा की नाही हे त्यानं ठरवलंय, आणि मी तीस वर्षं पुस्तकं उपसून जे शिकलो ते त्याच्या दुकानात वापरणं मला गैर वाटत नाही. पण एखाद्या घरात वडील गेल्यावर मुलगी मला कपाट दाखवून "काका, तुम्हाला कळतं यातलं, काय येईल याचं?" असं विचारते, तेव्हा मी गिऱ्हाईक राहिलेलो नसतो. तिनं मला कपाटाच्या तिच्या बाजूला उभं केलेलं असतं. तिथं गप्प राहून उक्तं घेतलं तर माझ्या दृष्टीनं ती चोरी आहे.

घासाघिशीवरचा एक आक्षेप मला खोडता येत नाही. ती बोलक्यांना फळते. जी बाई एकटी गॅरेजमध्ये स्कूटर विकायला जाते, ज्याची मराठी तुटकी आहे, ज्याला मुळात मागायचीच लाज वाटते, त्याला त्याच वस्तूचे कमी मिळतात आणि घेताना जास्त द्यावे लागतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी दुकानात एकच भाव सांगायचा ठरवला. ज्या आकड्याला विकायचं नाही तो आकडा आधी सांगणं हे त्यांना खोटं बोलणं वाटत होतं. लहान पोर आलं तरी तोच भाव. 'कृपया भाव करू नये' या पाटीला आपण पुणेरी खडूसपणा म्हणून हसतो, पण लाजाळू माणसाला त्या पाटीच्या सावलीत किती बरं वाटत असेल. जुन्या वस्तूंना ती पाटी लावता येत नाही असं मी वर म्हणालो, तरी निदान एवढं करता येतं की समोरच्यानं "फायनल" लिहिलं असेल तर त्यावर विश्वास ठेवावा. "लास्ट काय?" असा, नमस्कारही न घालता, रात्री अकराला निरोप टाकू नये. नको असेल तर पुढं जावं.

गेल्या मे महिन्यात आम्हीच घर बदललं. कूलर विकायला काढला, चार हजार लिहिले. एक मुलगा बघायला आला, बावीस-तेवीसचा, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात खोली घेऊन राहणारा. हॉलमध्ये खोक्यांची भिंत उभी होती. त्यानं विचारलं, "काका, कधी शिफ्ट होताय?"

"नाही, घाई काही नाही," मी म्हणालो.

त्यानं खोक्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग खाली बसून कूलरची मागची जाळी काढली, आत मोबाईलचा उजेड मारला आणि बराच वेळ बघत राहिला.

"पंप बदलायला लागेल," तो म्हणाला. "तीनशे कमी करा."

पंप मी मार्चमध्येच बदलला होता. पावती ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवरही पॅक झाला होता. मी तीनशे कमी केले.